समासातले महिने

मंगळवार

आज बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि हिरवं पेन घेऊन बसले. पोटगी जमा झाली त्या नोंदीवर खूण, नाही झाली तिथे समासात त्या महिन्याचं नाव. पहिल्या पानावर खुणा एकाखाली एक आहेत. मग एकदा अर्धीच रक्कम आली, सोबत मेसेज होता, 'उरलेले पुढच्या महिन्यात टाकतो.' त्यानंतर तारखा पुढे सरकत गेल्या. शेवटच्या पानांवर खूण एकही नाही, सगळे महिने समासात.

लेकीच्या बापाची अडचण खरी असू शकते. नोकरी जाते, पगार लांबतात, माणूस आजारी पडतो. पण त्यासाठीही रस्ता आहे. परिस्थिती बदलली तर कोर्टात अर्ज करून रक्कम कमी करून मागता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात 146 आहे. तसा अर्ज त्याने केलेला नाही. हुकूम जसाच्या तसा उभा आहे, आणि तोवर दर महिन्याची रक्कम देणं लागतं. 'सध्या जमत नाही, समजून घे' असा मेसेज पाठवला म्हणून हुकूम बदलत नाही.

आणि समजून मी एकटीने घ्यायचं म्हणजे नेमकं काय? घरभाडं थांबत नाही. शाळेची फी थांबत नाही. लेकीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, तोही पुढच्या महिन्याची वाट बघत नाही.

बुधवार

वकील मॅडमकडे जाऊन आले. त्यांनी स्टेटमेंट हातात घेतलं आणि पहिली नजर टाकली ती समासातल्या सगळ्यात जुन्या महिन्यावर. म्हणाल्या, "याला वर्ष व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे." रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या महिन्यासाठी मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट मिळत नाही. जुन्या कलम 125 मध्ये हे होतं, नव्या 144 मध्येही आहे. हे प्रत्येक बाईला हुकुमाच्या प्रतीसोबतच कुणीतरी सांगायला हवं. 'देईल, देईल' म्हणत वाट पाहण्यात वर्ष कसं निघून जातं ते कळत नाही, आणि तेवढा महिना या मार्गाने हातातून जातो.

दुसरा मार्गही त्यांनी सांगितला. पोटगीचा हुकूम दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, म्हणजे मालमत्तेवर जप्ती, पगारावर जप्ती. एरवीच्या कर्जासाठी पगाराचा बराच भाग कायद्याने सुरक्षित असतो. पोटगीसाठी मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे एक तृतीयांश पगार सोडून बाकीच्यावर हात घालता येतो. हे ऐकून बरं वाटलं. सावकाराच्या देण्यापेक्षा लेकराच्या देण्याचं वजन जास्त आहे, हे कायद्यात लिहून ठेवलंय.

मग मी तो प्रश्न विचारला जो घरी कुणापुढे काढत नाही. "त्याला आत टाकलं तर?" मॅडमनी सरळ सांगितलं. वॉरंट बजावूनही रक्कम आली नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहे. पण आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही. सुप्रीम कोर्टाने 1989 मध्ये कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तुरुंग हा पैसे द्यायला लावण्याचा उपाय आहे, पैशांच्या बदल्यात भोगायची शिक्षा नाही.

मला तो आत जायला नको आहे. माझ्या लेकीचा बाप आहे तो, आणि आत बसलेला माणूस कमावणार कुठून? मला दर महिन्याला स्टेटमेंटवर एक हिरवी खूण हवी आहे, तेवढंच.

गुरुवार, रात्री

दादाचा फोन आला होता. "सोड ना आता. तू कमावतेस, आम्ही आहोत. त्याच्या पैशावाचून काही अडलंय का?"

दादाची माया मला कळते. पण या वाक्याने मी आतून पेटते. मी कमावते ते लेकीवर खर्च होतंच आहे, माझा वाटा मी रोज भरते. ही रक्कम कोर्टाने माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी ठरवलेली आहे. हुकुमात तिची रक्कम वेगळी लिहिलेली आहे. माझं काही असतं तर कदाचित मी सोडूनही दिलं असतं, कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस कुणाला असते? पण तिच्या हक्काचं सोडून द्यायचा अधिकार मला कुणी दिला? संसार मोडला तो आम्हा दोघांचा. बापाचं नातं मोडलेलं नाही आणि त्याची जबाबदारीही संपलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातसुद्धा कलम 27 मध्ये हेच आहे की आई-वडिलांकडून मुलाच्या पालनपोषणाची रक्कम वसूल होईल अशी व्यवस्था सरकारांनी करावी, पालक परदेशात असला तरी.

दादाला यातलं अर्धंच बोलू शकले. शेवटी तो म्हणाला, "बरं, तारखेला मी येतो सोबत." ते खूप झालं.

फोन ठेवला तर लेक दारात उभी. किती ऐकलं माहीत नाही. जवळ आली आणि माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी बाबांना सांगू का पैसे द्यायला? माझं ऐकतात ते."

मी तिला मांडीवर घेतलं. आता मावत नाही ती, पाय खाली लोंबतात. म्हटलं, "हे मोठ्या माणसांचं काम आहे, आम्ही बघतो. तू बाबांशी तुझ्या गमतीजमतीच बोलायच्या." "पण ते विसरले असतील तर?" "तर आठवण करून द्यायला माणसं आहेत." तिला पटलं की नाही कळलं नाही, पण झोपायला गेली.

तिच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलंय. तिने मागितलं आणि त्याने नाही दिलं, तर तो नकार तिच्या वाट्याला येईल. माझ्या वाट्याला आलेला मी पेलू शकते.

शुक्रवार

मावशीने सुचवलं, "पैसे देत नाही तोवर मुलगी दाखवू नकोस. बघ कसा सरळ येतो." असं करणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत, त्यांचा कोंडमारा मला समजतो. पण भेटीचा हुकूम वेगळा, पोटगीचा वेगळा. पैसे आले नाहीत म्हणून मी भेट अडवली तर हुकूम मोडणारी मीही ठरेन. आणि त्याला भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवायची मुभा त्यालाही नाही. कायद्याचं राहू दे बाजूला, भेटीचा शनिवार आला की लेक सकाळपासून बाल्कनीत फेऱ्या मारते. तो शनिवार मी वसुलीसाठी वापरणार नाही.

सोमवार

अर्ज दाखल झाला. सोबत हुकुमाची प्रमाणित प्रत, महिनावार थकबाकीचा तक्ता, खुणा केलेलं स्टेटमेंट आणि त्याचे मेसेज छापून. नोटिशीसाठी त्याच्या घरासोबत नोकरीच्या ठिकाणचाही पत्ता दिलाय, कारण 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून नोटीस परत येते आणि तारखा नुसत्याच पडत राहतात.

रक्कम वाढवून मागण्यासाठीही मॅडम वेगळा अर्ज तयार करत आहेत, कारण हुकूम झाला तेव्हाचे तिचे खर्च आणि आताचे यात फरक आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी जे ठरवून दिलं, त्याप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. माझं मी भरायला घेतलंय. पगार, भाडं, शाळा, औषधं, सगळं आहे तसं लिहितेय. त्यालाही तसंच लिहावं लागेल. त्याची अडचण खरी असेल तर त्या कागदावर दिसेल, आणि तेव्हा मी ती नाकारणार नाही.

शनिवारी तो दारात विषय काढेल, नोटीस बहुतेक तोवर पोचलेली असेल. तिच्यासमोर एक शब्द बोलायचा नाही. 'तारखेला बोलू' म्हणायचं आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची वेळ तेवढी त्याला सांगायची, म्हणजे संध्याकाळी वेळेत आणून सोडेल.