पांढऱ्या रेघांवरून : ओसेर ते दसीझ, सायकलने

पहिल्या खेपेला मी फोनवर विसंबले. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या ओसेरहून क्लाम्सीला सायकलने निघाले होते. फोनने जवळचा म्हणून दाखवलेला रस्ता एन 151 हा महामार्ग निघाला. मागून ट्रकमागून ट्रक, आणि प्रत्येकाच्या वाऱ्याने हँडल हलायचं. काही किलोमीटर कसेबसे काढले, मग एका शेताच्या तोंडाशी थांबले आणि परत फिरले. पुढच्या वेळी कागदी नकाशा घेऊनच यायचं, हे तिथेच ठरलं.

ती पुढची वेळ मे महिन्यात आली. साताऱ्याहून ताई आली होती. ताई अठ्ठावन्नची, पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलने चढणारी. त्यामुळे चढांची चिंता नव्हती, रहदारीची होती. पॅरिसच्या घरात जेवणाच्या टेबलावर मिशलँ कंपनीचा रस्त्यांचा नकाशा पसरला. 1:150000 चा, म्हणजे एका सेंटिमीटरला दीड किलोमीटर. त्यात लाल रस्ते मोठे, पिवळे मधले आणि पांढरे सगळ्यात बारीक. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो भाग देखणा समजायचा. बाणाच्या टोकासारख्या खुणा चढ दाखवतात: एक म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याहून खडा. ताईने पेन्सिल घेतली आणि एक नियम केला. लाल रस्ता फक्त ओलांडायचा, पिवळ्यावर थोडंच जायचं, बाकी सगळं पांढऱ्यावर. संध्याकाळभर आम्ही त्या रेघा एकमेकींना जोडत बसलो. गावोगावचे हे रस्ते शेतकऱ्यासाठी आणि टपालाच्या गाडीसाठी डांबरी केलेले असतात, आणि तासातासात त्यांवर एखादंच वाहन दिसतं. आलंच तर मागे थांबून राहतं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा इथे कायदा आहे, आणि या भागात तो पाळलेला मी पाहिला.

कणा म्हणून निव्हेर्नेचा कालवा धरला. ओसेरपासून दसीझच्या बाजूला लॉआर नदीपर्यंत तो साधारण 174 किलोमीटर जातो. काम 1784 मध्ये सुरू झालं, ते पॅरिसला जळाऊ लाकूड पोचवायला, आणि पुरं व्हायला अर्धशतकाहून जास्त लागलं. नावा ओढण्यासाठी काठाने वाट केली होती, तीच आता सायकलवाल्यांची झाली आहे.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून ओसेरची प्रादेशिक गाडी पकडली. सायकलला वेगळं तिकीट लागलं नाही. दुपारी बाराला आम्ही पाण्याच्या काठाला होतो. वाट सपाट, झाडांखालून जाणारी, एका अंगाला योन नदी आणि दुसऱ्या अंगाला कालवा. नाइटिंगेल भरदिवसा गात होते. ताई दर लॉकपाशी, म्हणजे नावांना वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी, उतरायची. दारं कशी उघडतात, पाणी कसं चढतं, नाव वर कशी येते, हे तिने तीनदा पाहिलं तरी तिचं मन भरलं नाही.

दुसरा दिवस येशूच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीचा गुरुवार निघाला. मे महिन्यात सुट्ट्या कशा एकामागून एक येतात हे मला माहीत होतं, तरी तारीख पाहायची राहिली. शातेल-सांस्वारला पोचलो तेव्हा दुकानं बंद. एरवीही खेड्यातलं दुकान दुपारी बारा ते दोन मिटतं, रविवारी दुपारनंतर उघडत नाही आणि सोमवारी बेकरी बंद असते. म्हणून आता माझा शिरस्ता असा: दिसली बेकरी की पाव घ्यायचा, भूक असो वा नसो. त्या दिवशी ताईच्या डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर वेझलेची टेकडी चढलो. टेकडीवरच्या बॅसिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, कडेने दिसणारं मोर्व्हाँ या डोंगराळ भागाचं हिरवं रान ताई बराच वेळ पाहत बसली. याच गावात फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांची शेवटची वर्षं गेली. 30 डिसेंबर 1944 रोजी ते इथेच वारले. 1924 मध्ये महात्मा गांधींचं चरित्र लिहिणारे आणि 1931 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये आपल्या घरी त्यांचं स्वागत करणारे, म्हणून ताईला ते माहीत होते.

पाण्याची सोय हा प्रश्न दर दोन तासांनी येतोच. नळ सापडत नसेल तर दफनभूमी गाठायची. फुलांना पाणी घालायला तिथे बहुधा नळ असतो. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी आहे का ते आधी पाहायचं. क्लाम्सी ओलांडून ब्रेव्ह नावाच्या खेड्यात आम्ही अशाच बाटल्या भरायला शिरलो. ब्रेव्हच्या दफनभूमीत रोलाँ आहेत हे मी ताईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. बाटल्या भरून झाल्यावर तिला कबरीपाशी नेलं. ती काही बोलली नाही. हँडलला बांधलेली रानफुलांची जुडी तिने सोडवली आणि तिथे ठेवली.

शनिवारी सार्दीची लॉकची शिडी चढलो. तीन-साडेतीन किलोमीटरांत 16 लॉक, प्रत्येकापाशी छोटं घर. वर बोगदे लागतात. सगळ्यात लांब 758 मीटरचा. त्यांतून सायकल नेता येत नाही, वाट रानातून वळसा घेऊन बायच्या तळ्यावर उतरते. इथला उंचवटा म्हणजे पाणलोटाची सीमा. एका बाजूचं पाणी योनमधून सेनला आणि तिथून इंग्लिश खाडीला, दुसऱ्या बाजूचं लॉआरमधून अटलांटिकला. ताई लगेच म्हणाली, “म्हणजे आपलं महाबळेश्वरच की गं. कृष्णा तिकडे, सावित्री इकडे.” तळ्याकाठी बसून तिने तिथल्या बाईला हे हातवाऱ्यांनी समजावलं, मी मधे दुभाषी.

पुढे बाझ्वा या भागातली वाट जागोजागी खडीची आणि गवताची आहे. आमचे टायर 38 मिलिमीटरचे होते म्हणून निभावलं; शर्यतीच्या सायकलने हा भाग करू नये. तिथे आम्ही कालवा सोडून पुन्हा पांढऱ्या रेघा धरल्या. दोन्ही बाजूंना शारोले जातीच्या पांढऱ्या गाई, कुंपणापाशी येऊन आमच्याबरोबर चालायच्या. सेर्सी-ला-तूरच्या अलीकडे ‘रस्ता बंद’ची पाटी लागली. रविवार होता, कामावर कोणी नव्हतं. उकरलेला पन्नासेक पावलांचा तुकडा सायकली हातात धरून कडेच्या गवतातून पार केला. पुढचे सहा किलोमीटर रस्ता फक्त आमचा होता. ताई मध्यभागातून, हात सोडून चालवत होती, शाळेत असताना चालवायची तशी.

दसीझला नव्हेरच्या गाडीला दोन तास होते. नव्हेरहून पॅरिसच्या गाडीत सायकलीचं आरक्षण लागतं, ते तीन आठवडे आधी करून ठेवलं होतं. गावात प्लेन वृक्षांची जवळजवळ एक किलोमीटर लांब वाट आहे. तिथल्या बाकावर बकरीच्या दुधाचं चीज आणि उरलेली शेवटची दशमी निम्मी निम्मी खाल्ली. ताईने नकाशा पुन्हा उघडला आणि पेन्सिल मोर्व्हाँच्या बाजूला, दुहेरी खुणांच्या एका पांढऱ्या रेघेवर ठेवली.

“हा चढ कधी करायचा?”