आंगणेवाडीची तारीख लागली त्या दिवशी

सकाळी साडेनऊला मालवणहून फोन आला. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख लागली होती, 22 फेब्रुवारी 2025, शनिवार. कोल्हापूरच्या नऊ जणांच्या सायकल सहलीचा मालवणचा मुक्काम आम्ही नेमका त्याच रात्री धरला होता. तिथल्या होमस्टेच्या काकी अवघडून बोलत होत्या. "जत्रेक घरचीच माणसां येतली. तुमका खोली खंयसून देव?"

त्यांचं बरोबरच होतं. होमस्टे म्हणजे आधी घर, मग खोल्या. जत्रेला मुंबईहून चाकरमानी येणार तो आपल्याच घरी उतरणार. चूक आमची होती. ही जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. 2023 साली ती 4 फेब्रुवारीला झाली, 2024 साली 2 मार्चला. पंचांग पाहून बुकिंग करणाऱ्याला ती सापडतच नाही. त्यामुळे या महिन्यांत मालवण तालुक्यात खोली धरायची तर भाडं विचारण्याआधी "जत्रेची तारीख लागली का?" हे विचारायचं.

मूळ आखणी रत्नागिरीहून खाली यायची होती. पहिली रात्र आडिवऱ्याला, दुसरी देवगडला, तिसरी मालवणला, चौथी वेंगुर्ल्याला. तिसरी निसटली म्हणून सगळ्यांना पहिलं सुचलं ते असं की शनिवारी मालवण ओलांडून थेट परुळ्यापर्यंत जाऊ. नकाशावर ते ऐंशी किलोमीटरांच्या घरात दिसतं. पण कोकणातले ऐंशी म्हणजे कोल्हापूर-सांगली रस्त्यावरचे ऐंशी नव्हेत. इथे रस्ता खाडीवरच्या पुलाला टेकतो आणि लगेच ऐंशी-शंभर मीटर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर चढतो, सडा संपला की पुन्हा खाडी. साठ किलोमीटरांत सात-आठशे मीटर चढ सहज जमतो, आणि सड्यावर सावली नसते. त्यात शनिवारी आचरा-मालवण पट्ट्यात जत्रेच्या गाड्या. हा पर्याय आम्ही दहा मिनिटांत सोडला.

दुसरा पर्याय सहल उलटी फिरवण्याचा. गुरुवारी पहाटे चारला पिकअप आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला पोचवायची, तिथून सायकली काढून वेंगुर्ल्यावरून परुळ्यापर्यंत, पंचावन्नच्या आसपास. शुक्रवारी मालवण दुपारच्या आत ओलांडून आचऱ्याच्या पुढे मिठबावला. म्हणजे जत्रेची खरी गर्दी उसळेल तेव्हा मंडळी तिच्या उत्तरेला असतील. शनिवारी कुणकेश्वर, देवगड करत विजयदुर्ग, रविवारी आडिवरे, सोमवारी पावसवरून रत्नागिरी आणि आंबा घाटाने घरी. कुणकेश्वरलाच रात्र का नको, असं एकाने विचारलं. 26 तारखेला महाशिवरात्र होती, तिथली जत्रा तोंडावर. एका जत्रेतून निघून दुसरीच्या तयारीत मुक्काम धरणं नको वाटलं.

उलट्या फिरण्याची एक किंमत आहे, वारा. फेब्रुवारीत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा जोर धरतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, उत्तरेला जाताना तोंडावर. म्हणून रोज एकच्या आत मुक्काम गाठायचा, म्हणजे साडेसहाला पेडल फिरलं पाहिजे, दिवा लावून, कारण तेव्हा सूर्योदय सातच्या सुमारास असतो. याचा ताण थेट राहण्याच्या जागेवर येतो. बहुतेक ठिकाणी न्याहारी साडेआठला. साडेपाचला देणारं घर शोधायचं, किंवा रात्रीच उकडलेली अंडी, केळी आणि थर्मासभर चहा मागून ठेवायचा. घावणे असतील तर पीठ रात्रीच तयार हवं, हे फोनवरच बोलून घ्यावं लागतं.

मग फोन सुरू झाले. दिवसभरात वीस-बावीस. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: घर मुख्य रस्त्यापासून वर की खाली, आणि किती? फोटोतला समुद्र पाहून खोली धरली की इथेच फसगत होते. एक देखणं ठिकाण होतं, अगदी पुळणीला, किनाऱ्याच्या वाळूला लागून. रस्त्यापासून सव्वा किलोमीटर खाली, आणि नकाशावर उंचीचा फरक ऐंशी मीटर. म्हणजे सरासरी साडेसहा टक्के चढ, तोही चिऱ्याच्या गडग्यांमधल्या खडीच्या वाटेवर. दुपारी उतरताना ब्रेक जळणार, पहाटे थंड पायांनी पहिल्याच मिनिटाला तो चढ. गुडघा तिथेच धरतो. शिवाय पिकअप खाली जाणार नाही, म्हणजे बॅगा डोक्यावर. आम्ही नाही म्हटलं. रस्त्याच्या पातळीवरचं साधं घर, समोर नुसत्या माडांच्या झावळ्या, ते पाच दिवसांच्या सहलीत कधीही सरस.

दुसरा प्रश्न सायकलींचा. "जागा आहे" एवढ्यावर थांबायचं नाही. अंगणात उभ्या केल्या तर खाऱ्या दवाने सकाळपर्यंत चेन तांबूस होते. छपराखाली हव्यात आणि ग्रीलला कुलूप हवं. तीन-तीनच्या जुड्या, हँडल आलटून-पालटून, एका जुडीला सहा फूट लांबी आणि चारेक फूट रुंदी. म्हणजे नऊ सायकलींना भिंतीलगत अठरा फूट पडवी. वरच्या मजल्यावरची गॅलरी कोणी दाखवली तर नकोच, दमलेल्या माणसाने जिन्यावरून सायकल नेताना डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, कठड्यावर आपटतो आणि गिअर बिघडल्याचं दुसऱ्या दिवशी चढावर कळतं.

पुढचे प्रश्न भराभर. एका बाथरूममागे किती माणसं? चारच्या वर नकोत, पहाटे साडेपाचला रांग लागते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? हा प्रश्न झोपेसाठी आहेच, पण कपड्यांसाठी जास्त. पॅड असलेली चड्डी किनाऱ्यावरच्या दमट हवेत दोरीवर वाळत नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळायची आणि पंख्याखाली टांगायची. ओली पॅड घालून साठ किलोमीटर बसलं की कातडी सोलवटते आणि पुढचे दोन दिवस जातात. नेटवर्क आहे का? सड्याच्या पोटातल्या वाड्यांत यूपीआय अडकतं, म्हणून रात्रीचा हिशेब रोखीत. मासळी खाणारे किती, शाकाहारी किती, हा आकडा आदल्या दिवशी, कारण मासळी सकाळच्या लिलावातून आणावी लागते.

विजयदुर्गचं उत्तर लवकर आलं, दोन खोल्या आणि ओटा, किल्ल्याजवळ, सपाटीवर. तिथून पुढच्या दिवसाकडे मात्र नीट पाहावं लागलं. विजयदुर्ग आणि जैतापूर नकाशावर शेजारी दिसतात, पण मधे वाघोटणची खाडी आहे आणि रस्ता पडेलवरून आत वळसा घालून पुलावर जातो. म्हणून रविवार सगळ्यांत लांबचा ठरला आणि त्या दिवशीची निघायची वेळ सहा केली. आडिवऱ्याची आधी धरलेली जागा पहिल्या रात्रीऐवजी चौथ्या रात्रीला सरकली. त्यांनी ॲडव्हान्स तसाच पुढे धरला, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

मिठबावचं घर संध्याकाळी सातला मिळालं. तिथल्या काकींनी पडवीत जाऊन पावलांनी मोजलं, लाकडं हलवली तर बसतील म्हणाल्या. आमची सगळी यादी ऐकून घेतल्यावर त्यांनीच विचारलं, "आणि गाडी चालवणारो खंय झोपतलो?"

सगळ्या फोनांत आम्ही नऊ माणसं सांगितली होती. पहाटे चारला उठून आंबोली घाट उतरवणारा आणि सोमवारी आंबा घाट चढवणारा माणूस मोजलाच नव्हता, आणि त्याची झोप सर्वांत महत्त्वाची. परुळे, विजयदुर्ग आणि आडिवरे, तिन्ही ठिकाणी परत फोन केले. तीन ठिकाणी पलंग मिळाला, मिठबावला ओटीवर गादी आणि मच्छरदाणी. साडेआठला गटाच्या म्होरक्याला नवी आखणी पाठवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, माणसं दहा.