तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवर झोप कधी होते?

लग्नात, तेरवीत, पोळ्याला गावी आलो तर पारावर, कुठंही बसलो की हा प्रश्न येतोच. "काऊन गा भाऊ, तू झोपतं कवा?" काहीजण नुसती गंमत म्हणून विचारतात. काहींच्या घरचा पोरगा नुकताच ट्रकवर लागलेला असतो, त्यांचा आवाजच वेगळा असतो. मी लिहितोय ते त्यांच्यासाठी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातला. दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत कापसाच्या गाठी, बाकी वर्षभर मिळेल ते भाडं. पांढरकवडा, वणी, हिंगणघाटच्या जिनांतून, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यांतून, माल भरायचा आणि 44 नंबर हायवेनं आदिलाबाद, हैदराबाद, बंगळुरू करत खाली कोइमतूर गाठायचं. बाराशे-तेराशे किलोमीटर होतात.

सरळ उत्तर द्यायचं तर माझी महत्त्वाची झोप रस्त्यावर होतच नाही. ती गाडी भरायच्या आधी होते.

जिनात गाडी लावली की दिवस आपला राहत नाही. दुपारी नंबर लागेल म्हणतात, लागतो रात्री. तोवर ड्रायव्हर मंडळी काय करतात? पत्ते कुटतात, मोबाईल पाहतात, खर्रा घोटत बसतात. मग रात्री गाठी चढतात. एकेक गाठ 170 किलोची, हमाल आपलं काम करतात, पण थर नीट बसतो की नाही हे खाली उभं राहून पाहावंच लागतं. मग ताडपत्री ओढा, दोर आवळा, काटा करा, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, घ्या. मध्यरात्री गेटबाहेर पडताना गाडीचं एक किलोमीटर झालेलं नसतं, आणि ड्रायव्हर पहाटेपासून जागा असतो. ड्रायव्हरांच्या डोळे तपासणी शिबिरात एका डॉक्टरांनी हिशेब सांगितला होता. सलग 17 तास जागं राहिलं की माणसाचा हात आणि नजर रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी चालते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला हद्द 0.03 ची आहे. म्हणजे थेंब न पिता माणूस गेटवरूनच पिऊन निघाला.

म्हणून मी नंबर लावला की मुन्शीला सांगतो, "माझा नंबर आला का काच ठोकजो गा," आणि केबिनच्या मागच्या बर्थवर आडवा होतो. झोप येवो न येवो. पोरं हसतात, काका म्हातारे झाले म्हणतात. पण लोडिंगच्या आधी चार तास पदरात पडले तर त्या रात्रीचं अर्धं ओझं तिथंच उतरतं.

बाकी रात्रीचं गणित सोपं आहे. दोन ते पाच गाडी उभी. या वेळात शरीर ऐकत नाही, मग तुम्ही कितीही जुने ड्रायव्हर असा. तसलीच एक छोटी लाट दुपारी दोन-तीनलाही येते, जेवणावर तिचा आळ उगाच जातो. अर्थात ढाब्यावर ताटभर भात हाणला तर ती दुप्पट येते, हेही खरं. मी चालत्या दिवशी दुपारी पोळी-भाजी खातो, भात मुक्कामाला.

झोप "येते" म्हणजे जांभई येते असं लोकांना वाटतं. जांभईला मी घाबरत नाही. मागचा टोलनाका कधी गेला हे आठवेनासं झालं की मी घाबरतो. डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, आणि मधला तुकडाच गायब. ताशी 60 च्या वेगात चार सेकंद डुलकी लागली तर गाडी पासष्ट मीटरच्या पुढं निघून जाते, 25-30 टन वजन घेऊन. अशा वेळी खिडकी उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, सगळं दहा मिनिटांचं. गोळ्या आणि डोडा, म्हणजे अफूची बोंडं, घेणारेही आहेत. त्यांच्याबद्दल मी इथं काही सांगत नाही, त्यांच्यामागून गाडी चालवायची वेळ आली की मी अंतर ठेवतो.

चहाचं मात्र सांगतो. चहा पोटात गेल्यावर अंगात उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच निघायचं नाही, चहा पिऊन लगेच झोपायचं. वीस मिनिटांचा गजर. उठतो तेव्हा चहाही जागा झालेला असतो. तास-दीड तास झोप लागली असेल तर लगेच स्टार्टर मारत नाही, कारण डोकं अजून बर्थवरच असतं. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरतो आणि गाडीला चक्कर मारत एकेक टायर ठोकतो. हवा बरोबर असली की टॉमी उसळून परत येते, टणक आवाज येतो. कमी असली की थप्प. ड्युअल चाकात आतला टायर ठोकायला वाकून हात घालावा लागतो. सगळी चाकं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, टायरही कळतात आणि माणूस ताळ्यावर येतो.

कुठं झोपायचं हा आणखी एक प्रश्न. हायवेच्या कडेला कधीच नाही. पेट्रोल पंप, मोठा ढाबा किंवा टोलनाक्याजवळची ट्रक उभी करायची जागा. तिथंही डिझेल काढणारे फिरतात. टाकीची बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला अगदी चिकटवून लावतो, कॅन घुसू नये इतकी. उन्हाळ्यात लोक सावलीला ट्रकखाली झोपतात, ते तर बिलकुल करू नका. शेजारचा ड्रायव्हर वाकून पाहील याचा काय भरवसा?

आणि आपला विदर्भातला उन्हाळा. नवतप्यात दिवसा केबिनमध्ये झोपणं म्हणजे भट्टीत अंथरूण घालणं. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं. पण रस्त्यावर आज ज्या गाड्या धावतात त्यांतल्या बहुतेक त्याच्या आधीच्या आहेत, माझीही. मे महिन्यात मी झोपेचे पैसे मोजतो, ढाब्यावर कूलरसमोरची खाट घेतो. वाटखर्चीत मालक ते धरत नाही. धरायला पाहिजे.

मालकावरून आठवलं. गाडीत जीपीएस आल्यापासून पहाटे फोन येतो: "गाडी काऊन उभी हाय?" 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यानं पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम, लांबच्या रूटवर फार तर दहा, असं ठरवून दिलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडं त्याची आठवण कोण करणार? माझ्या कामाला दुसराच कागद आला, ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा कागद. 2021 पासून त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. म्हणजे कोइमतूरला सरकार सहा-सात दिवस देतं, आणि व्यापारी तिसऱ्या दिवशी माल मागतो. घाई कागदात नाही, बोलण्यात आहे. म्हणून पोहोचायचा दिवस मी भाडं ठरतानाच बोलून घेतो, रात्री दोन ते पाच गाडी उभी राहील हेही. एकदा गाडी भरल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही. काही भाडी हातची जातात.

सीमेवरच्या नाक्यांना आम्ही फार शिव्या दिल्या. 2017 ला जीएसटी आला, मग फास्टॅग आला, रांगा आटल्या. पण त्या रांगेत इंजिन बंद करून जी झोप व्हायची तीही गेली, हे कोणी मोजलं नाही. समृद्धी महामार्गावर तर ट्रकनं 80 च्या वेगात सरळ रेषेत जात राहायचं. वळण नाही, खड्डा नाही, समोरून कोणी नाही. खड्ड्यांना मी चांगलं म्हणत नाही, पण खड्डा झोपू देत नव्हता.

आता घरच्यांसाठी. पोरगा फेरी करून सकाळी आला तर पहिल्या दिवशी त्याला बँकेत, वावरात, सासुरवाडीला पाठवू नका. आंघोळ, जेवण, अंधारी खोली. संध्याकाळी उठवा, म्हणजे रात्री पुन्हा झोप लागते. जोरात घोरत असेल, घोरता घोरता श्वास अडकत असेल, रात्रभर झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर ते थकवा म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. सर्दीची गोळी देताना मेडिकलवाल्याला ड्रायव्हर आहे म्हणून सांगा, सेट्रिझिननं गुंगी येते.

एका मावशीनं विचारलं होतं, "रात्री फोन करत राहू का त्याले, जागा राहाले?" नको मावशी. चालत्या गाडीत फोन नको. रात्री साडेनऊ-दहाला, तो जेवायला थांबला असेल तेव्हा करा, आणि आज गाडी कुठं लावून झोपणार तेवढं विचारा. जागा ठरलेली नसेल तर तिथंच ठरवायला लावा.