पाय कुणाचा?

माझ्या पेशंटांना आडनावं असतात. फाइलवर तसंच लिहिलेलं असतं: सिंबा देशपांडे, कोको शेख, मन्या कुलकर्णी. पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवायला लागून अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मेंढीशी माझा संबंध आला तो फक्त खानावळीत. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात असताना एका अडलेल्या मेंढीची सुटका केली होती, पण तेव्हा सर खांद्यामागे उभे होते. खरं सांगायचं तर त्यांनीच केली. मी हातमोजे घातले होते, एवढंच.

हे आधीच सांगून टाकलं, कारण त्या दिवशी सकाळी सव्वासहाला दारात उभ्या राहिलेल्या पोरालाही मी हेच सांगितलं होतं.

२६ जानेवारीला शनिवार-रविवार जोडून आले म्हणून आम्ही चौघं इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर गेलो होतो. शिरीषला लांडगा हवा होता. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स माझ्या दवाखान्यातल्या सलाइनच्या स्टँडएवढी आहे आणि तिच्या हप्त्यांची वसुली त्याला लांडग्याकडून करायची होती. दोन दिवसांत चिंकारा दिसले, बिळापाशी ऊन खात बसलेलं खोकड दिसलं, तुरुतुरु पळून एकदम थबकणारे धाविक दिसले. संध्याकाळी गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये पक्षी पाहिले, ते हिवाळ्यापुरते मध्य आशियाकडून येतात. लांडगा मात्र नाही. देशभरात मिळून हा प्राणी दोन-तीन हजारच उरलाय असं म्हणतात, तेव्हा त्याने आमच्या सुट्टीची सोय बघावी ही अपेक्षाच जास्त होती. शेवटच्या दिवशी पहाटे एक फेरी मारायची, नाश्ता करायचा आणि दुपारपर्यंत पुणं गाठायचं, असं ठरलं होतं.

पोरगा दहा-अकरा वर्षांचा. झेंडावंदनाचा पांढरा शर्ट, खिशाला कागदी झेंडा, पायात चिखल वाळलेल्या चपला.

"पुण्याच्या डॉक्टरीणबाई तुम्हीच का? मेंढरू अडलंय. आजीनं बोलावलंय."

मी म्हटलं, "अरे, मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग समजूत घालावी तसं म्हणाला, "मेंढरू लई मोठं नसतंय."

तालुक्याचा दवाखाना सुट्टीमुळे बंद. शिरीष आणि रमा गाइडबरोबर जीपने पुढे गेले. वैशाली माझ्याबरोबर आली. ती शाळेत गणित शिकवते, रक्त बघून तिला काही होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. गाडीतल्या पेटीत हातमोजे, बीटाडीन, थोडी जेली आणि बँडेज होतं. कुत्र्याच्या गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलरही निघाली, ती तिथेच ठेवली.

वाडा, म्हणजे धनगरांचा मेंढरांसकट फिरता तळ, दीड-दोन किलोमीटरवर, एका पडीक तुकड्यात बसलेला. वाघरीच्या जाळीत मेंढरं, बाहेर एक घोडं, तीन दगडांची चूल, दोन कुत्री. कुत्र्यांनी आमचं जे स्वागत केलं ते लिहिण्यासारखं नाही. गवत कमरेपर्यंत, वाळून पिवळं झालेलं, आणि दहा पावलांत मोज्यांत कुसळं. पाऊस इथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, झाड उभं राहणार नाही अशी मुरमाड जमीन, आणि त्यावर हे गवत. सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. मग तिचा उद्धार करायला कुणीतरी गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडाची रोपं लावतं. पण ते असो.

मेंढी काळी, दख्खनी, तीसेक किलोची. कुशीवर पडलेली, मान ताणलेली, प्रत्येक कळेला दात खात होती. रात्री दोनला पाणमोट फुटली होती. म्हणजे पाच तास होत आले. मागून दोन खूर बाहेर दिसत होते, बाकी काही नाही. मेंढक्याने हात घालून पाहिला होता, पण त्याचा पंजा म्हणजे फावडं. आणि आजी बसली होती मेंढीच्या पाठीशी, घोंगडं पांघरून.

तिने माझा चेहरा पाहिलाच नाही. हात पुढे कर म्हणाली. मी केला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारात भेंडी बघतात तसा.

"ल्हान हाय. हुईल."

मग स्वतःचे हात घोंगड्यातून काढून दाखवले. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजलेले, एकही बोट पुरतं वळत नव्हतं. "चाळीस वर्सं ह्या हातांनी काढली कोकरं. आता न्हाय जात आत. तू जा, मी सांगते."

दवाखान्यात अशी केस आली की मी आधी सोनोग्राफी करते. पोटात किती, कसे, ठोके चालू आहेत का, सगळं पडद्यावर दिसतं. नाही जमलं तर भूल देऊन सिझेरियन. इथे डोळ्यांचा उपयोगच नव्हता. मी पालथी पडले, गवतात कोपर टेकला आणि हात आत घातला. आतली ऊब एकदम अंगावर आली. बाहेर आठ-नऊ डिग्री तापमान होतं, नाकातून वाफा निघत होत्या.

पहिलं हाताला लागलं ते डोकं. नाकपुड्या, दातांची कड, आणि जीभ. जीभ सुजलेली, थंड. तोंडात बोट घातलं तर चोखत नव्हतं. मी काही बोलले नाही.

"डोस्कं हाय?"

"आहे. दोन पाय आहेत. डोकं आहे. पण ओढलं की पुढे सरकत नाही."

"पाय कुणाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. आजी चिडली. "दोन पाय दिसत्यात म्हनून एकाचंच असत्यात व्हय? पायावरनं खांद्यापतुर जा. खांद्यावरनं मानंला जा. मधी बोट उचलू नगं."

हे पुस्तकात आहे. जवळजवळ याच शब्दांत आहे, मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात ते नव्हतं, आजीच्या तोंडात होतं. डावा पाय धरून वर गेले: गुडघा, कोपर, खांदा, मान, डोकं. बरोबर. मग उजवा. खुराच्या वरचा सांधा एकीकडे वळला आणि त्याच्या वरचा सांधा उलटीकडे. पुढच्या पायाचे हे दोन्ही सांधे एकाच दिशेला वळतात. उलटे वळले तर तो मागचा पाय.

"आजी, हा मागचा आहे. दुसऱ्याचा."

"मग? जुळं हाय. एक सरळ, एक उलटं. दोगं बी दारात अडकल्यात."

दख्खनी मेंढीला जुळी क्वचितच होतात. मागाहून कळलं की ही मेंढी ज्या नराची लेक, त्याच्यात फलटणच्या नारी सुवर्णा जातीचं रक्त होतं. सुंदरबनाकडच्या गारोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक त्या जातीत आणलंय. नराला स्वतःला त्याचं काही नाही, पण त्याच्या लेकींना जुळी होतात. मेंढका त्यावर खूश होता. गेल्या वर्षी याच कळपात चार जुळी जगली होती.

आता दुसऱ्याला मागे ढकलायचं आणि पहिल्याचा मागे राहिलेला पाय पुढे आणायचा. मेंढक्याने मेंढीचे मागचे पाय धरून तिचा पार्श्वभाग वर उचलला, म्हणजे आत जरा जागा होते. वैशालीने मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं. ती तिच्याशी हळूहळू बोलत होती, काय बोलत होती देव जाणे. आजी कळा मोजत होती. मेंढीच्या पोटावर हात ठेवून ती मला सांगायची, "थांब, कळ हाय... आता ढकल." कळ आली की माझं मनगट असं आवळलं जायचं की बोटं माझी राहायची नाहीत. कळ ओसरली की अर्धा इंच. पुन्हा कळ. लांबून शाळेच्या लाउडस्पीकरवर कुणीतरी 'हॅलो, माइक टेस्टिंग' करत होतं आणि पोरगा एकदा आमच्याकडे, एकदा शाळेकडे बघत होता.

दुमडलेला खूर तळव्यात झाकून वर आणला, झाकला नाही तर गर्भाशय फाटायची भीती. डोक्यामागे, कानांच्या मागून, लोकरीच्या दोरीचा फास टाकला. पुढच्या कळेला ओढलं आणि पहिलं कोकरू बाहेर आलं. मेलेलं. आजीने एकदा बघितलं आणि बाजूला सरकवलं. "त्याला ऱ्हाऊ दे. दुसरं बघ, बिगीनं."

दुसरं पाठमोरं येत होतं. पाठमोऱ्याची नाळ दबते तेव्हा डोकं अजून आतच असतं. तिथे श्वास घेतला की नाकात पाणी. म्हणून दोन्ही मागचे पाय धरले आणि न थांबता काढलं. लिबलिबीत, पिवळ्या चिकटात माखलेलं, अडीच किलोचं ओझं माझ्या मांडीवर पडलं आणि हललं नाही. छातीवर दोन बोटं ठेवली. ठोका होता. संथ, पण होता.

मी बोटाने तोंड साफ करत होते तोवर आजीने गवताची काडी मोडली आणि नाकपुडीत घातली. चांगली खोल घातली. मी हात धरणार होते, तेवढ्यात ते शिंकलं. शिंकल्यावर सगळं अंग झटकलं आणि एक बारीकसा, दाराच्या बिजागरीसारखा आवाज काढला. मेंढीने मान वळवली. तिच्या त्या आडव्या बाहुल्या कशावर तरी स्थिरावल्या आणि ती घशातल्या घशात गुरगुरायला लागली, मेंढ्या फक्त कोकरापाशीच गुरगुरतात तशी. वैशाली तोंड फिरवून उभी राहिली. रक्ताचं काही नाही म्हणाली होती, याबद्दल काही बोलली नव्हती.

आत पुन्हा हात घालून तिसरं नाही ना ते पाहिलं. बेंबी बीटाडीनमध्ये बुडवली. पहिला चीक तासाभरात पोटात गेला पाहिजे म्हणायला मी तोंड उघडलं, तर आजी सड पिळून कोकराचं तोंड लावतच होती. मेंढक्याला अँटिबायोटिक कोणतं आणि किती ते लिहून दिलं, वार संध्याकाळपर्यंत पडली नाही तर फोन कर म्हटलं.

मेलेल्या कोकराचा प्रश्न उरला. मी म्हटलं खोल खड्डा करून पुरा, कुत्री उकरतील. मेंढका म्हणाला, "बांधाच्या पल्याड ठिवतो. त्याचं त्याला."

"त्याचं म्हणजे?"

"लांडग्याचं. हितं न्हाय मिळालं तर जित्तं नेतंय."

दरवर्षी दोन-चार कोकरं जातातच, म्हणाला. वनखातं भरपाई देतं, पण लांडगा कोकरू आख्खं उचलून नेतो, पंचनाम्याला दाखवायचं काय? त्याच्या आवाजात राग नव्हता. माझा मात्र जीव अडकला. पडलेलं कोकरू लांडग्याआधी कुत्री खातात, आणि त्या दोन कुत्र्यांना कधी कसलीच लस टोचलेली नव्हती. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग काय करतो ते मी दर महिन्याला टेबलावर बघते. तो रोग माळावरच्या लांडग्यालाही सोडत नाही. हे त्याला सांगितलं. पटलं की डॉक्टरीणबाईचं मन राखलं, ठाऊक नाही, पण त्याने कुदळ घेतली. लस घेऊन मी परत येईन म्हटलं.

आजीने बिरोबाचा भंडारा आधी मेंढीला लावला, मग कोकराला, मग मला. पैशाचा विषय तिने काढला, मी उडवून लावला, मग शेळीच्या दुधाचा चहा झाला. पोरगा तोवर शाळेकडे सुसाट पळाला होता.

परत आलो तेव्हा शिरीष अंगणात उड्या मारत होता. नर-मादी, सात वाजून वीस मिनिटांनी, जीपच्या समोरून रस्ता ओलांडून गेले होते. फोटो मी पाहिले. सुंदर होते. शिरीष आणि रमाला माझ्याजवळ फार वेळ बसवेना, कारण माझ्या बाह्यांना जो वास येत होता तो पुण्यात दोन धुण्यांनंतरही गेला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लशींचा डबा तयार करून मी मेंढक्याला फोन लावला. वाडा हलला होता, आता भीमेच्या काठाला एका उसाच्या रानात मेंढरं बसवली होती. पत्ता घेतला, रविवार ठरवला आणि मग विचारलं, कोकरू कसं आहे?

"कंचं?" मागून पंचवीस-तीस कोकरांचा गलका ऐकू येत होता. तो कुणाला तरी हाक मारून विचारत होता. आजीचा आवाज आला, मग तो पुन्हा फोनवर आला.

"हां, ते व्हय. फिरतंय की."