ती माणसं आधीच का निघाली नाहीत?

मी मेलबर्नला राहतो. सात फेब्रुवारी जवळ आली की माझ्या बोलण्यात किंगलेक, मेरीसव्हिल या 2009 च्या वणव्यात होरपळलेल्या इथल्या गावांची नावं येतात, आणि भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘‘वणवा येणार हे ठाऊक होतं ना? मग ती माणसं आधीच का निघाली नाहीत?’’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

7 फेब्रुवारी 2009, शनिवार. मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला होता. अनेक वर्षांच्या दुष्काळाने जंगल कोरडंठाक पडलेलं. दिवस भयंकर जाणार, हा इशारा आदल्या दिवशीच सरकारने दिला होता, हे खरं.

पण तेव्हा लोकांना शिकवलं काय होतं? ‘तयारी करून थांबा आणि घर वाचवा, नाहीतर लवकर निघा.’ दोन्ही पर्याय अधिकृत. त्यामागे अनुभवही होता. आगीची मुख्य लाट काही मिनिटांत पुढे सरकते, घरं बहुतेक वेळा उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि घरात धडधाकट माणूस असेल तर तो त्या विझवू शकतो. म्हणून लोकांनी पन्हाळीतला पालापाचोळा काढला, टाक्या भरल्या, पंप तपासले. ती माणसं बेफिकीर होती असं कुणी म्हटलं की मला फार लागतं.

त्या दिवशीची आग त्या अनुभवात बसणारी नव्हती. दुपारच्या सुमारास किलमोर ईस्टजवळ विजेची जुनी तार तुटली. वायव्येच्या सोसाट्याच्या वाऱ्याने आग लांबच लांब पट्ट्यात पळवली, आणि संध्याकाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला. त्या पट्ट्याची अख्खी बाजूच आगीचं तोंड झाली आणि किंगलेकच्या डोंगरावर चढली. कितीतरी ठिकाणी इशारा उशिरा पोचला किंवा पोचलाच नाही.

173 माणसं गेली. त्यांतली 113 घरांमध्ये सापडली. सगळेच काही पाण्याचा पाइप धरून उभे नव्हते. त्यांत म्हातारी माणसं होती, आजारी होती, लहान मुलं होती.

वाचलेल्यांना तर हा प्रश्न कुणी न विचारताही ऐकू येत असणार. मेलबर्न विद्यापीठाने या गावांचा बरीच वर्षं अभ्यास केला. बहुतेक लोक सावरले, पण काहींच्या मनाच्या जखमा कित्येक वर्षांनंतरही भरलेल्या नव्हत्या. स्ट्रॅथ्युएन या छोट्याशा गावात 27 जण गेले. तिथे आता पोलाद-तांब्याचं एक मोठं झाड उभं आहे. त्याची पानं देशोदेशीच्या लोहारांनी घडवून पाठवली, आणि अनेक पानांवर नावं कोरलेली आहेत. मेलबर्नला आलात की मी तुम्हाला तिथे घेऊन जाईन.

चौकशी आयोगाने 2010 मध्ये 67 शिफारशी केल्या. आता आगीचा धोका सर्वोच्च पातळीवर गेला की अग्निशमन दल स्पष्ट सांगतं: आदल्या रात्री किंवा पहाटेच निघा, अशा आगीत टिकतील अशी घरं बांधलेलीच नसतात. किंगलेकच्या माणसांना हे इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं.