फुगलेली बॅटरी घेऊन चिपळूण ते पुणे

चिपळुणात माझ्या लॅपटॉपच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही. कस्टमर केअरने 'जवळचं' म्हणून सांगितलं ते पुण्यातलं. तेव्हा बॅटरी फुगल्यावर घाट चढणं आलंच. तालुक्याच्या गावातून आणखी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

बॅटरी फुगली हे ओळखायला स्क्रू काढावे लागत नाहीत. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, टचपॅड दाबला जात नाही, खालच्या झाकणाच्या कडेला फट दिसते. आतलं रसायन बिघडून वायू तयार होतो आणि सेलचं पाकीट पुरीसारखं टम्म होतं. कोकणातला उन्हाळा आणि चोवीस तास लावून ठेवलेला चार्जर, दोन्ही त्याला पोषक. हे दिसलं की चार्जर काढायचा, लॅपटॉप पूर्ण बंद करायचा (झाकण मिटून झोपवायचा नाही) आणि पुन्हा चार्ज करायचा नाही. डेटाचा बॅकअप आधीचा असेल तर उत्तमच. 'टाचणीने हवा काढून देतो' म्हणणारा कुणी भेटलाच तर लॅपटॉप उचलून चालू पडा. भोक पडलं तर आग लागू शकते.

फोनवर मला आधी सांगितलं, 'बॉक्समध्ये भरून कुरिअर करा.' कुरिअरवाल्याने आत काय आहे ते ऐकून हात वर केले, आणि त्याचं बरोबरच होतं. अशी बॅटरी विमानातही चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. तंत्रज्ञ घरी येईल का, हे फोनवर जरूर विचारा. माझ्या पिनकोडला ती सोय नव्हती. त्याच फोनवर सिरियल नंबर देऊन तुमच्या मॉडेलच्या बॅटऱ्या परत मागवल्यात का तेही विचारून घ्या. ॲपलने जून २०१९मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोच्या एका जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या वॉरंटी न बघता फुकट बदलून दिल्या होत्या. तुमचा नंबर अशा यादीत निघाला तर पुढचा सगळा वाद वाचतो. माझा नव्हता.

एसटीने जायचं तर सकाळची स्वारगेट गाडी धरा. लॅपटॉप डिकीत नको, वरच्या रॅकवर इतरांच्या बोचक्यांखाली तर नकोच. मांडीवर, सुती कपड्यात गुंडाळून. कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण करत उंब्रजला हायवे लागला की गाडी उत्तरेकडे वळते आणि सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं. म्हणून सीट डावीकडची घ्या. बॅग गरम लागली किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर कंडक्टरला लगेच सांगायचं, संकोच करायचा नाही.

सेंटरमध्ये टोकन घेऊन काउंटरवर पोचले. तिथल्या मुलाने बिल बघून सांगितलं, "मॅडम, लॅपटॉपला वॉरंटीची तीन वर्षं आहेत, पण बॅटरीला एकच. कन्झ्युमेबल पार्ट असतो." म्हणजे वापरून झिजणारा भाग. साडेसात हजारांचं एस्टिमेट. आणि जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, तक्रार काय लिहिली, तर 'बॅकअप कमी', म्हणजे चार्जिंग लवकर उतरतं. इथे अडून बसा. बॅकअप कमी होणं ही झीज, तिच्यावर कुणी फुकट काही देत नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आलाय, हा सुरक्षिततेचा प्रश्न. कागदावर तेच हवं. मी ते बदलून घेतलं, फटीत पोस्टकार्ड घालून काढलेला फोटो दाखवला, जॉबशीट नंबरासह तोच फोटो तिथूनच कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. लॅपटॉप तिथे ठेवला, पासवर्ड दिला नाही. बॅटरी बदलायला तो लागत नाही.

मेलची भाषा साधी ठेवा: खरेदीची तारीख, लक्षणं, फोटो, मागणी. आरडाओरड्याचा काउंटरवर उपयोग नसतो. त्या मुलाच्या हातात काहीच नसतं. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मला तिथवर जावं लागलं नाही. पार्ट आल्यावर फोन आला, 'अपवाद म्हणून' मोफत. हक्क म्हणून द्यायला काय हरकत होती, कोण जाणे!

आणायला गेले तेव्हा बदली माझ्यासमोर करा म्हटलं, त्यांनी केली. तीन सेलपैकी मधला, टचपॅडच्या बरोबर खालचा, चकचकीत उशी झालेला. काळ्या पट्टीचा डिंक ताणून सुटला होता. जुनी बॅटरी मागू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि ती घंटागाडीत टाकण्याची वस्तू नव्हे.

निघण्याआधी टचपॅड चारही कोपऱ्यांना दाबून बघा, लॅपटॉप काउंटरवर ठेवून डुगडुगतो का बघा, शून्य रकमेचं बिल आणि नव्या बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती तिथेच सुरू करून मागा. आणि परतीचं आरक्षण आधी करा. शनिवार-रविवारी स्वारगेटहून चिपळूणच्या गाड्या भरून जातात.