नऊ दिवस ‘प्रतीक्षेत’: किनाऱ्याने गाडीने जाताना आलेला माझा अनुभव

सहल होऊन दोन महिने झाले. मुलं अजून शिंपले मोजतात, मी मात्र ‘प्रतीक्षेत’ हा एक शब्द विसरू शकलेली नाही. फेरीबोटीच्या अर्जावर तो नऊ दिवस तसाच दिसत होता. कुटुंबाला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत जायचं ठरवत असाल, तर माझं हे सगळं आधी वाचा आणि मगच मुक्काम ठरवा.

आम्ही पाच जण. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. आईंचे गुडघे दुखतात, धाकटीला गाडी लागते. त्यामुळे दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त प्रवास नाही आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री, हे पहिल्या संध्याकाळीच ठरलं. अकरा दिवस, पाच मुक्काम. जाताना किनाऱ्याने, परत येताना आतल्या सरळ रस्त्याने. नकाशावर दिसणाऱ्या वेळेची दीडपट धरली आणि ते अगदी बरोबर निघालं. किनाऱ्याच्या रस्त्याला वळणं असतात, गावं लागतात, आणि आपल्यालाच दर वीस मिनिटांनी थांबावंसं वाटतं. मुक्कामाच्या जागा, गाडीची सर्व्हिसिंग, औषधं हे सगळं एका आठवड्यात उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते खाडीपाशी. आमच्या वाटेत एक रुंद खाडी होती. गाडी फेरीबोटीवर चढवली की वीस मिनिटांत पलीकडे. वळसा घालून गेलं तर चार तास. चार तास म्हणजे धाकटीच्या चार उलट्या आणि आईंचे सुजलेले पाय. त्यामुळे फेरी मिळणं हाच आमच्या सगळ्या नियोजनाचा कणा होता. ती तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराची हवी होती.

अर्जात गाडीची लांबी आणि उंची विचारली होती. मी गाडीच्या पुस्तिकेतली उंची लिहिली. चौथ्या दिवशी उत्तर आलं, “उंची जुळत नाही, नव्याने अर्ज करा.” टपावर सामानाचा कॅरिअर आहे हे मीच दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि उंची त्या सामानासकट मोजायची होती. ते अर्जात कुठेही लिहिलेलं नव्हतं. चूक दुरुस्त करायची सोयही नव्हती. नवा अर्ज, नवा क्रमांक, पुन्हा रांगेच्या शेपटाला. नवरा स्टुलावर उभा राहून टेपने मोजत होता, मुलगा खालून टेपचं टोक जमिनीला दाबून धरत होता आणि मी आकडा लिहून घेत होते. तुम्ही तसंच करा. गाडी भरल्यावर, ताडपत्री बांधल्यावर, सर्वांत उंच गाठीपर्यंत मोजा.

मग नुसती वाट पाहायची. सकाळी चहाच्या आधी मी फोन उघडायची: प्रतीक्षेत. रात्री झोपताना: प्रतीक्षेत. कार्यालयाला फोन केला तर “यादीत आहे” एवढंच ऐकू यायचं. मुक्कामाच्या एका ठिकाणी पैसे भरायची शेवटची तारीख होती, ती जवळ येत चालली. मी मुलांवर उगाच डाफरायला लागले. अखेर नवव्या दिवशी रात्री ‘निश्चित’ आलं. मी आनंदाने कागद छापून आणला आणि आईंच्या हातात दिला.

आईंचं माहेर समुद्रकाठचं. त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. “अगं, ही द्वितीया गं. पौर्णिमेनंतरची. भर दुपारी ओहोटी असणार. बोटीला पाणी पुरेल का?”

माझ्या पोटात गोळाच आला. कागद पुन्हा पाहिला. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: पाण्याच्या स्थितीनुसार फेरी रद्द होऊ शकते. त्या रात्री मी भरती-ओहोटीचं कोष्टक शोधून बसले. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते, एवढं शाळेत शिकले होते. पण सर्वांत मोठं उधाण पुष्कळदा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं हे माहीत नव्हतं, आणि भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते हे तर कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या तारखेसमोर लिहिलं होतं: ओहोटी, दुपारी १२ वाजून १० मिनिटं, उंची ०.२ मीटर. म्हणजे बोट सुटायच्या वेळीच खाडीत सर्वांत कमी पाणी. अशा वेळी बोटीचा तळ टेकू शकतो आणि गाडी चढवायचा उतारही फार तिरका होतो.

सकाळी कार्यालयाला विचारलं, “त्या दिवशी बाराची फेरी सुटेल का?” उत्तर, “ते त्याच दिवशी सकाळी कळेल.” माझा खरा राग इथे आहे. पाणी कधी आणि किती ओसरणार याचं कोष्टक कितीतरी महिने आधी छापलेलं असतं. मला घरबसल्या एका रात्रीत कळलं, ते अर्ज घेणाऱ्यांनी तारखेसमोर लिहायला काय हरकत होती? लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन कोणी धक्क्यावर येईल आणि तिथून चार तासांच्या वळशाला लागेल, याचा विचारच अर्ज बनवताना झालेला नाही.

तोडगा आईंनीच सुचवला: उलटे जाऊ या. आधी आतल्या रस्त्याने लांबचं टोक गाठायचं आणि किनाऱ्याने परत यायचं. मग खाडी तिसऱ्या दिवसाऐवजी नवव्या दिवशी येते. तेव्हा तिथी अष्टमी, म्हणजे भांगाची भरती. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. शिवाय बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. सहा दिवसांत ती पाच तास सरकणार, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि दुपारी बाराला खाडी भरलेली. कोष्टकात पाहिलं तर तसंच होतं. मी पुन्हा अर्ज केला, या वेळी दोन दिवसांत मिळाला. पाचही मुक्कामांच्या तारखा उलट्यासुलट्या कराव्या लागल्या, एका ठिकाणची खोली गेली, पण तिच्यापेक्षा बरी मिळाली. म्हणून सांगते, आधी फेरी, मग मुक्काम.

उलटं जाण्यात एक गोष्ट गमावली, तीही सांगते. डाव्या बाजूने गाडी चालवत असाल तर समुद्र डाव्या हाताला ठेवावा. मनात आलं की रस्ता न ओलांडता कडेला थांबता येतं. आमच्या उजवीकडे समुद्र आला, त्यामुळे प्रत्येक थांब्याला समोरची वाहनं जाईपर्यंत खोळंबावं लागलं. पण पहिल्या दिवशीच लांबचा पल्ला संपवला हे बरं झालं. मुलं तेव्हा उत्साहात होती, अकराव्या दिवशी ती तशी नव्हती.

धाकटीच्या गाडी लागण्याबद्दल: तिची खुर्ची मागच्या सीटवर मधोमध बसवली, समोरचा रस्ता दिसेल अशी. पुस्तक आणि मोबाइल बंद. शरीराला वळण जाणवतं पण डोळे पानावर खिळलेले असतात, त्याने मळमळ वाढते. वळणांवर आई तिला क्षितिजावरची बोट शोधायला लावत. अकरा दिवसांत ती एकदाच ओकली. औषध डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि निघायच्या आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

नवव्या दिवशी साडेअकराला धक्क्यावर पोचलो. पाणी काठोकाठ होतं, फळी जवळजवळ सपाट टेकलेली. नवऱ्याने गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली. आम्ही सगळे उतरून कठड्याशी गेलो. आईंना एक पायरीसुद्धा चढावी लागली नाही. दोर सोडणाऱ्या माणसाला मी विचारलंच, सहा दिवसांपूर्वी बाराची फेरी सुटली होती का.

“नाही ताई. दोन दिवस दुपारी पाणीच नव्हतं. गाड्या परत गेल्या.”

मी आईंकडे पाहिलं. त्या धाकटीला पाण्यावर बसलेला बगळा दाखवत होत्या.

आणि हो, एक राहिलंच. ओल्या वाळूवर गाडी नेऊ नका, कितीही घट्ट दिसली तरी. घरी आल्यावर पहिल्या दिवशीच गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवून घ्या, खारी हवा लोखंड खाते. आमची धुताना मागच्या चाकाच्या कमानीतून मूठभर वाळू निघाली. धाकटीने ती बरणीत भरून ठेवली आहे.